नानांनी मोजलेल्या हवेल्या

भुताचा सिनेमा नानांना दुपारी दोन वाजता लागतो. रात्री नाही. दुपारी दोन वाजता खिडक्या उघड्या, दार उघडं, अंगणात लख्ख ऊन, एखादी कोंबडी घरात डोकावून जाते आहे, अशा वातावरणात नाना टीव्हीसमोर खुर्चीत बसतात. मांडीवर लाकडी फळी, फळीवर चौकटीचा कागद, कानावर टोक केलेली पेन्सिल. पडद्यावर वीज कडाडते, वटवाघळं उडतात, जुनाट हवेलीचं दार करकरत आपोआप उघडतं, आणि नाना कानावरची पेन्सिल काढून म्हणतात, "दार पूर्वेला. बरं."

आणि हवेलीचा नकाशा काढायला घेतात.

नाना हे काष्टीतले माझे शेजारी. तेहतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होते. श्रीगोंदा, कर्जत, राहाता असं करत त्यांनी निम्म्या जिल्ह्यातले बांध पायाखाली घातले. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पारावर चर्चेला ऊत आला होता. नानांनी एकच प्रश्न विचारला, "हद्द बदलली का? न्हाई ना? मग चालू द्या." आणि ते घरी गेले.

मोजणीवाल्या माणसाला मित्र नसतात. दोन भावांच्या भांडणात तो दगड रोवून जातो; ज्याचं वावर वाढतं तो म्हणतो, माझं होतंच; ज्याचं कमी होतं तो म्हणतो, ह्यानं खाल्लं. नानांनी नोकरीभर कुणाच्या बांधावर पाणीसुद्धा घेतलं नाही. "ज्याचा चहा प्यावा, त्याच्याकडं टेप वाकतो," असं त्यांचं मत. वाक्य फार चांगलं आहे, पण त्याचा परिणाम असा झाला की निवृत्तीनंतर ज्याच्या ओट्यावर जाऊन चहा प्यावा असं घर त्यांना उरलं नाही. बायको वारली, मुलगा पुण्यात, आणि घरात मुलानं आणून लावलेला भिंतभर टीव्ही. त्या टीव्हीवर पहिल्याच दुपारी नानांना एक हवेली दिसली.

"सर, इकडं या लवकर," त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे दुपारी हाक मारण्याजोगा मोकळा माणूस, असा माझा लौकिक आहे. तो रविवार होता, एवढं मात्र नमूद करतो.

मी गेलो. पडद्यावर नायिका मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती.

"मघाशी वर चढली तवा अकरा पायऱ्या हुत्या," नाना म्हणाले. "आता मोजा."

नायिका नऊ पायऱ्यांत खाली आली.

"दोन पायऱ्या गेल्या कुठं?" नानांचा आवाज चढला. "आनि बाहेरून बघावं तर घर तीस फुटाचं. आत ही बया अर्धा तास पळतीय! पळती कुठं? शेजाऱ्याच्या गटात?"

तेव्हापासून सिनेमा कुठलाही असो, नाना हवेली मोजतात. त्यांच्या फायलीत आता अशा बासष्ट हवेल्या आहेत. प्रत्येकीचा नकाशा, उत्तर दिशेचा बाण, आणि खाली शेरा: 'स्वयंपाकघर आढळून आले नाही.' 'तळघरास जिना नाही, भूत वापरत असलेला मार्ग संशयास्पद.' 'विहीर पहिल्या भागात परसात, दुसऱ्या भागात दिवाणखान्यासमोर. खुलासा मागवावा.' खुलासा कुणाकडून मागवावा, हे मात्र लिहिलेलं नाही.

सिनेमे तरी कसले? हात तुटला की आतून चिंध्या दिसतात. चेटकिणीचे पाय उलटे, पण चपलेचा पट्टा पुढूनच दिसतो. रक्त बघून भूक लागावी, इतकं ते टोमॅटो सॉससारखं असतं. नाना असल्याच सिनेमांवर जीव टाकतात. नव्या, खर्चिक, खरोखर घाबरवणाऱ्या सिनेमांना ते 'त्यात मोजन्यासारखं काय न्हाई' म्हणून हात लावत नाहीत. मालिकाही त्यांना चालतात. सोमवारी जिनं दाराच्या कडीला हात घातला, ती सून गुरुवारी आत जाते, तेव्हा नाना समाधानानं म्हणतात, "खात्यात शोभली असती."

भूत पडद्यावर गर्जना करतं, "ही हवेली माझी आहे!" त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं: "कागद दाखव." मांत्रिक लिंबू-मिरच्या घेऊन येतो, त्यालाही तेच. "तू कुनाच्या आदेशानं आलास? कागद दाखव."

हे ऐकायला हळूहळू माणसं येऊ लागली. कमळाकाकू समोरच्या घरातून मेथीची जुडी घेऊन येतात आणि सिनेमाभर निवडत बसतात. त्यांना भुताची भीती वाटत नाही, दया येते. "उपाशी दिसतीय बिचारी," त्या हडळीकडे बघून म्हणतात. "गालाची हाडं बघा की." रफिकभाई टेलर काजं करायचे शर्ट घेऊन येतात. त्यांचं लक्ष साडीवर. "फॉल नाही लावला, नाना. म्हणून इतकी उडते. मी पहिल्याच सीनला बोललो होतो." अशा मंडळींसमोर यायचं म्हणजे भुतालाही धैर्य लागत असणार.

सुरुवातीला हा कार्यक्रम पितृपंधरवड्यापुरता होता. पितर येण्याचे दिवस, तर बाकीच्यांनीही येऊन जावं, असा हिशोब. मग पुण्याच्या नातीनं फोनवर सांगितलं की तिच्या शाळेत हॅलोविन असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, आणि तेव्हा अख्खं जग भुताचे सिनेमे बघतं. तिनं डोळे-दात कोरलेल्या भोपळ्याचा फोटो पाठवला. नाना तो बराच वेळ न्याहाळत होते. "भोपळा वाया घालवला," ते म्हणाले, "पन तारीख चांगली हाय." आणि पंधरवड्याला एकतीस ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. मधे दिवाळी आली तरी हरकत नव्हती. अभ्यंगस्नान, फराळ आणि दुपारी दोनला हडळ.

कीर्ती पसरायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षी जवळच्या एका नव्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं हॅलोविन साजरं करायचं ठरवलं आणि नानांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मीही मागे बसलो होतो. आपल्याकडे कुठलाही उत्सव आला की तो आधी स्टेजवर चढतो. हॅलोविनही चढलं. दीपप्रज्वलन झालं. चेटकिणींनी स्वागतगीत म्हटलं. शाल आणि श्रीफळ एका सांगाड्याच्या हस्ते देण्यात आलं. संस्थेच्या अध्यक्षांनी हॅलोविन आणि राष्ट्रउभारणी यावर पाऊण तास मार्गदर्शन केलं. समोर उन्हात हाताची घडी घालून बसलेल्या चारशे भुतांचे रंग ओघळून गळ्याशी आले होते. एक लहान वेताळ झोपून शेजारच्याच्या मांडीवर कलंडला होता.

मग नाना उभे राहिले. "पोरांनो," ते म्हणाले, "भूत दिसलं तर पळू नका. त्याला इचारा, तू ऱ्हातो कुठं? तुझ्या पूर्वेला कोन? पश्चिमेला कोन? चारी बाजू नीट सांगता आल्या न्हाई, तर ते भूत खोटं. आता घरी जा, तोंड धुवा." आणि ते खाली बसले. इतक्या टाळ्या मी कुठल्याच शाळेत ऐकलेल्या नाहीत.

आता नानांच्या स्वतःच्या चार बाजूंबद्दल सांगायला हवं. त्यांच्या पूर्वेला मी आहे. पश्चिमेला, वस्तीवर, त्यांचा धाकटा भाऊ बबनराव आहे, आणि त्या बाजूला नऊ वर्षं बोलणं नाही.

कारण एक चिंच. वडिलांची जमीन दोघा भावांत वाटायची होती. खात्यातून दुसरा मोजणीवाला आला, कारण घरच्या जमिनीला नाना टेप लावणार नाहीत. मोजणी झाली. कडेची मोठी चिंच बबनरावांच्या वाट्याला आली. वडिलांच्या हातची चिंच. बबनराव खूश. शेजारचा शेतकरी गप्प. सह्या व्हायच्या, तेवढ्यात बांधावर उभे असलेले नाना बोलले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, टेप ढिला धरला हुता. परत मोजा."

परत मोजलं. बांध तीन हात आत सरकला आणि चिंच शेजाऱ्याच्या शेतात गेली. शेजाऱ्याला अजून कळलेलं नाही की देवानं असा माणूस आपल्यासाठी का पाठवला. बबनराव मात्र तिथून उठले ते नानांशी बोललेच नाहीत. वडिलांचं श्राद्धही तेव्हापासून दोन घरी होतं. एकाच दिवशी, एकाच वेळी. पितर बिचारे कुठं आधी जात असतील, कोण जाणे.

यंदा पुण्याच्या मुलानं निर्वाणीचं सांगितलं. तुळशीचं लग्न झालं की नानांनी कायमचं पुण्याला यायचं. घराला कुलूप. नाना 'बरं' म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांच्या नकाशांवर खाडाखोड होऊ लागली. एका हवेलीला तर त्यांनी दोन उत्तर दिशा दाखवल्या. हे कमळाकाकूंच्याही लक्षात आलं.

"नाना, जायच्या आदी एकदा बबनला बोलवा की घरी," त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"आसं कसं बोलवायचं?" नाना म्हणाले. "काय म्हनून?"

"भाऊ म्हनून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली आणि एक बंद पाकीट हातात दिलं. "सर, एवढं वस्तीवर पोचवा. पोच घेऊन या. सही पायजे."

मोजणीच्या आधी लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना नोटीस काढावी लागते. अमुक दिवशी समक्ष हजर राहा, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत मोजणी होईल. नोटीस न काढता मोजलेली जमीन न मोजल्यासारखीच. नानांनी आयुष्यात माणसांना याच पद्धतीनं बोलावलं होतं. दुसरी त्यांना येत नव्हती.

बबनराव गोठ्यात होते. गाईंपुढे मुरघास टाकून झाला, हात धुतले, डोळ्यांना चष्मा लावला आणि त्यांनी पाकीट फोडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'विषय: दिनांक एकतीस ऑक्टोबर रोजी दुपारी दोन वाजता होणाऱ्या भुताच्या सिनेमास समक्ष हजर राहणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण लगतचे हितसंबंधी असल्याने नियत वेळी हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपल्या गैरहजेरीत सिनेमा पाहिला जाईल व त्यानंतर आपली कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी शिकलेले हाय. सख्ख्या भावाला आसं लिवत्यात का?"

"इतरांना त्यांनी एवढंही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

बबनराव गव्हाणीच्या कडेला टेकले. "लोकांना वाटतंय मी चिंचेपायी रुसलो. चिंच गेली, जाऊ द्या. टेप ढिला हुता तर हुता. पन मी ह्याच्या शेजारी उभा हुतो, सर. हातभर अंतरावर. कानात सांगायचं की, बबन, टेप ढिला हाय. मीच म्हनलो असतो साहेबाला, परत मोजा. एवढ्या गावासमोर मला येड्यावानी हासत उभा ठिवला ह्यानं."

भाषा शिकवणाऱ्या माणसाला ऐन वेळी काही सुचत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

बबनरावांनी माझं पेन मागून घेतलं आणि नोटिशीच्या प्रतीवर लिहिलं: 'नोटीस मिळाली. सदर वेळ जनावरांच्या पाण्याची असल्याने हरकत आहे.' खाली सही.

मी परत येऊन ती पोच नानांना दिली आणि बबनराव जे बोलले तेही जसंच्या तसं सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. कागद खिडकीशी नेऊन वाचला. "हरकत मुदतीत आलीय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून, "कानात सांगायला पायजे हुतं. खरं हाय."

एकतीस तारखेला दोनच्या आधीच आम्ही जमलो. मेथी, काजाचे शर्ट आणि मी. नातीचा फोन येऊन गेला होता. दोन वाजले. नाना दोन म्हणजे दोनचे. पण रिमोट त्यांच्या हातातच राहिला.

"लावायचा ना, नाना?" रफिकभाई म्हणाले.

"हजेरीला वेळ द्यावा लागतो," नाना म्हणाले. "नियम हाय."

सव्वादोन झाले. कमळाकाकूंची जुडी निवडून संपली आणि त्या निवडलेली पानं पुन्हा निवडू लागल्या. अडीचला पाच कमी असताना नानांनी घड्याळाकडे पाहिलं, फळी मांडीवर घेतली आणि "गैरहजर," असं हळूच म्हणून सिनेमा लावला.

वीज कडाडली. वटवाघळं उडाली. नायक-नायिकेची गाडी बरोबर हवेलीसमोर बंद पडली. नानांनी 'दार पूर्वेला' म्हटलं नाही. ते नुसत्याच रेघा ओढत होते.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. दारातला उजेड एकदम कमी झाला. बबनराव उंबऱ्याबाहेर उभे होते, धुतलेली टोपी, पायजम्याला अजून कडब्याची काडी चिकटलेली. कुणी काही म्हणायच्या आत ते पायरीवर बसले आणि आत पडद्याकडे पाहू लागले. नानांनी त्यांना पाहिलं होतं. त्यांची पेन्सिल कागदावर टेकली ती तिथंच राहिली.

"उशीर झाला," बबनराव पडद्याकडे बघत म्हणाले. "पानी पाजत हुतो."

"हरकतीत लिवलं हुतंच," नाना कागदाकडे बघत म्हणाले.

नऊ वर्षांनंतरचं संभाषण इथं संपलं. कमळाकाकूंनी डोळ्याला पदर लावला आणि मेथी झणझणीत असल्याचं सांगितलं.

सिनेमात आता ती वेळ आली होती. नायिका आरशासमोर केस विंचरते आहे, मागचा पडदा हलतो आहे, संगीत थांबलं आहे. आम्ही तिघं आरशाकडे पाहत होतो. नाना खाली मान घालून नकाशात गढले होते. आरशात पांढरा चेहरा आला, किंचाळी झाली, रफिकभाईंना सुई टोचली.

"गेली," पायरीवरून बबनरावांचा आवाज आला. "वर बघ, नाना. गेली ती."

नानांनी मान वर केली.

थोड्या वेळानं विहिरीतून हात वर आला. नानांची मान खाली गेली, पेन्सिल चालू झाली. "थांब... थांब..." बबनराव म्हणत होते, "हां. गेला हात. बघ आता."

मी नानांकडे पाहत राहिलो. मग बासष्ट हवेल्यांच्या त्या फायलीकडे पाहिलं. पायऱ्या, खिडक्या, जिने, सगळं बारीक नोंदलेलं. एकाही नकाशावर भूत नेमकं कुठं उभं होतं याची खूण नव्हती. इतक्या दुपारी शेजारी बसून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

"लहानपनापासनं आसंच हाय ह्याचं," बबनराव कमळाकाकूंना सांगू लागले, जणू नाना तिथं नव्हतेच. "यात्रंत तंबूत सिनेमा यायचा. भुताचाच बघायचा म्हनून हाच हट्ट धरायचा, आनि भूत आलं की खाली मान घालून मातीत रेघा मारत बसायचा. मी धाकटा. मी सांगायचो, गेलं, बघ आता." त्यांनी नानांकडे पाहिलं. "तिकडं पुन्यात कोन सांगंल ह्याला?"

नानांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "बबन, आत ये. तिथं ऊन लागतंय." बबनराव उठले, उंबरा ओलांडून आले आणि नानांच्या खुर्चीला टेकून खाली बसले.

शेवटी मांत्रिक आला, लिंबं कापली गेली, हवेली पेटली. हडळ फॉल नसलेल्या साडीसकट जळाली. नानांनी हे सगळं खाली मान घालून ऐकलं. किंकाळ्या थांबल्या. संगीतही संपत आलं.

"गेली का?" नानांनी हळूच विचारलं.

पडद्यावर काम करणाऱ्यांची नावं सरकत होती. बबनरावांनी तिकडे बघितलंही नाही. ते नानांच्या टक्कल पडलेल्या, वाकलेल्या मानेकडे बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून हाय. बस जरा वेळ."

नाना बसून राहिले.